गुलाबी पेलेट: ई. कोलायमध्ये ऱ्होडोप्सिन बनवताना रंग काय काय सांगतो

सेंट्रिफ्यूज थांबला, बाटली तिरपी करून वरचं माध्यम ओतून टाकलं, की तळाशी जीवाणूंचा गोळा उरतो. ई. कोलाय या जीवाणूचा हा गोळा, म्हणजे पेलेट, एरवी मळकट, फिकट बदामी असतो. पण त्या पेशींमध्ये प्रोटिओऱ्होडोप्सिन या प्रकाश शोषणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलेलं असेल आणि सगळं जुळून आलं असेल, तर तोच गोळा डाळिंबाच्या दाण्यांसारखा लालसर गुलाबी दिसतो. पेशीपटलातली इतर बहुतेक प्रथिनं बनवणाऱ्याला ही सोय नसते. त्याला जेल चालवावं लागतं, अँटिबॉडी वापरावी लागते, आणि एवढं करूनही प्रथिनाची घडी नीट बसली आहे की नाही हे कळत नाही. ऱ्होडोप्सिनच्या कामात मात्र ते रंगावरून समजतं. हा रंग नीट वाचायला शिकणं हाच या कामातला सगळ्यात उपयोगी धडा आहे, कारण रंग खरं सांगतो तसा काही ठिकाणी फसवतोही.

रंग येतो कुठून

सूक्ष्मजीवांमधली ऱ्होडोप्सिन ही पेशीपटलात रुतून बसलेली छोटी प्रथिनं आहेत. अमिनो आम्लांची एकच साखळी सात वेळा पटलाच्या आरपार जाते आणि या सात सर्पिलांच्या मधोमध एक पोकळी तयार होते. त्या पोकळीत रेटिनल नावाचा, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातला रेणू बसतो आणि सातव्या सर्पिलावरच्या एका लायसिनशी रासायनिक बंधाने जोडला जातो. या बंधाला शिफ बेस म्हणतात. प्रकाशाचा कण शोषला की रेटिनल एका ठिकाणी वळतं, त्या धक्क्याने प्रथिनाचा आकार क्षणभर बदलतो आणि पंपाचं काम करणाऱ्या ऱ्होडोप्सिनमध्ये एक आयन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. मग रेटिनल आपोआप मूळ रूपात परत येतं आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

या कुळातलं पहिलं प्रथिन, बॅक्टेरिओऱ्होडोप्सिन, १९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी हॅलोबॅक्टेरियम या मीठप्रेमी सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलातून जगासमोर आणलं. प्रोटिओऱ्होडोप्सिन २००० मध्ये समुद्राच्या पाण्यातल्या डीएनएमधून सापडलं. त्याचा मूळ जीवाणू प्रयोगशाळेत वाढवलेला नव्हता. जनुक थेट ई. कोलायमध्ये घातलं, रेटिनल दिलं, पेशींना रंग चढला आणि उजेडात प्रोटॉन बाहेर पडू लागले. म्हणजे ई. कोलायमध्ये ऱ्होडोप्सिन बनवण्याची ही पद्धत प्रोटिओऱ्होडोप्सिनच्या शोधाचाच भाग होती.

आता रंगाचं गणित. सुटं रेटिनल ३८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, म्हणून ते पिवळं दिसतं. लायसिनशी जोडलं गेल्यावर आणि त्या बंधावर प्रोटॉन बसल्यावर हे शोषण सुमारे ४४० पर्यंत सरकतं. तिथून पुढे ४९० ते ५७० पर्यंतचा प्रवास घडतो तो केवळ पोकळीच्या भिंतींमुळे, म्हणजे रेटिनलभोवती कुठली अमिनो आम्लं कुठल्या अंतरावर आहेत यामुळे. हिरवा प्रकाश शोषणारं प्रोटिओऱ्होडोप्सिन ५२० च्या आसपास असतं आणि निळा शोषणारं ४९० च्या. या दोघांमधला बराचसा फरक १०५ क्रमांकाच्या एकाच जागेमुळे पडतो: तिथे ल्युसिन असेल तर हिरवा, ग्लुटामिन असेल तर निळा. तेव्हा पेलेट गुलाबी दिसलं याचा अर्थ प्रथिन तयार झालं, त्याची घडी बसली, रेटिनल योग्य पोकळीत पोचलं आणि योग्य बंधाने जोडलं गेलं. एवढ्या गोष्टींची पावती एका नजरेत मिळते.

कुठलं ऱ्होडोप्सिन सोपं, कुठलं अवघड

पहिल्यांदाच करणाऱ्याने प्रोटिओऱ्होडोप्सिनपासून सुरुवात करावी. ग्लोइओबॅक्टर ऱ्होडोप्सिन, सोडियम बाहेर फेकणारं केआर२, अ‍ॅनाबिना सेन्सरी ऱ्होडोप्सिन आणि नॅट्रोनोमोनासचं हॅलोऱ्होडोप्सिन ही मंडळीही ई. कोलायमध्ये चांगली रमतात. गंमत म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झाला ते हॅलोबॅक्टेरियमचं बॅक्टेरिओऱ्होडोप्सिन इथे हट्टी ठरतं. पटलात कमी उतरतं, आणि जे उतरतं त्याला मूळ पटलातल्या खास लिपिडांची (चरबीसारख्या रेणूंची) उणीव भासते. हॅलोबॅक्टेरियम मिठाने जवळजवळ भरलेल्या पाण्यात सावकाश वाढतो खरा, पण बॅक्टेरिओऱ्होडोप्सिन त्याच्याकडूनच घेणं अजूनही सोयीचं आहे. शैवालांमधल्या चॅनलऱ्होडोप्सिनसाठी बहुतेक जण ई. कोलायच्या वाटेला न जाता यीस्ट, कीटकपेशी किंवा सस्तन पेशींकडे वळतात.

जनुकाची रचना

हिस्टिडीनची शेपटी, म्हणजे सलग सहा ते आठ हिस्टिडीन, साखळीच्या शेवटी लावा, सुरुवातीला नको. या प्रथिनांचं सुरुवातीचं टोक पटलाच्या बाहेर आणि शेवटचं टोक पेशीच्या आत असतं. बाहेर जाणाऱ्या टोकाला अवजड शेपूट जोडलं की ते पटलापार नेताना अडचण येऊ शकते. शेवटी शेपूट असल्याचा आणखी एक फायदा आहे: अर्धवट तुटलेल्या साखळ्या निकेलच्या रेझिनला (शुद्धीकरणात ही शेपटी पकडून ठेवणाऱ्या मण्यांना) चिकटत नाहीत, पूर्ण लांबीच्याच चिकटतात.

पेशीच्या आत राहणाऱ्या वळणांवर लायसिन आणि आर्जिनिन जास्त असतात. प्रथिन पटलात कुठल्या दिशेने बसणार हे मुख्यतः त्यांच्यावरून ठरतं. म्हणून या वळणांमध्ये बदल करताना धन प्रभार मोजूनच पुढे जावं. कोडॉन (जनुकातल्या, एकेका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरी खुणा) ई. कोलायला मानवणारे घ्यावेत, पण पहिल्या दहा-पंधरा कोडॉनांकडे वेगळं लक्ष द्यावं. तिथे आरएनए स्वतःवरच घट्ट दुमडला तर रायबोसोमला पकड मिळत नाही, आणि बाकी जनुक कितीही सुधारलेलं असलं तरी उत्पादन शून्यावर राहतं.

पेशी गुदमरू नयेत म्हणून

पटलातल्या प्रथिनांची मूळ अडचण जागेची आणि दाराची आहे. नवी साखळी पटलात घालण्याचं काम सेक नावाचं यंत्र करतं, आणि पेशीला स्वतःच्या जगण्यासाठी लागणारी प्रथिनंही त्याच दारातून जातात. टी७ प्रोमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) पूर्ण जोरात चालला तर दारात गर्दी होते. पेशीची वाढ थांबते, आणि आत अडकलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट गोळे बनतात. हे गोळे म्हणजे इन्क्लूजन बॉडी. त्यांत प्रथिन भरपूर असतं, पण घडी बसलेली नसते, म्हणून रंगही नसतो.

यावर उपाय वेग कमी करण्याचा. बीएल२१(डीई३) या नेहमीच्या वाणाऐवजी सी४१ आणि सी४३ हे वाण वापरून पाहा. १९९६ मध्ये मिरू आणि वॉकर यांनी ते निवडून काढले. त्यांच्यात टी७ पॉलिमरेज (टी७ प्रोमोटरवरून जनुक वाचणारं विकर) बनवणाऱ्या प्रोमोटरमध्येच असा बदल झालेला आहे की पॉलिमरेज कमी बनतं, त्यामुळे सगळं काम संथपणे चालतं. लेमो२१ मध्ये ऱ्हॅमनोज शर्करेचं प्रमाण शून्यापासून २ मिलिमोलरपर्यंत बदलून वेग हवा तसा लावता येतो. प्रोटिओऱ्होडोप्सिनसाठी अ‍ॅराबिनोजवर चालणारा पीबॅड वेक्टरही (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ, म्हणजे प्लाझ्मिड) चांगला. शेवटची मात्रा ०.२ टक्के, म्हणजे एक लिटर माध्यमात २० टक्क्यांच्या द्रावणाचे १० मिलिलिटर.

एक साधी गोष्ट हमखास राहून जाते. फ्रिजमध्ये महिनाभर पडलेल्या प्लेटवरची वसाहत उचलू नका. पटलातलं प्रथिन पेशीला ओझं असतं, त्यामुळे जी पेशी ते बनवणं बंद करते ती इतरांच्या पुढे निघून जाते. जुन्या प्लेटवर अशाच पेशींचं राज्य असतं. प्लाझ्मिड दर वेळी नव्याने घाला. रात्रभराच्या कल्चरमध्ये ०.५ ते १ टक्का ग्लुकोज ठेवा, म्हणजे वेळेआधी प्रोमोटर थोडाथोडा चालू होणार नाही. अँपिसिलिनचा प्रतिकार असलेल्या पेशी तो विघटित करणारं विकर माध्यमात सोडतात, आणि काही तासांत औषध संपतं. त्याऐवजी कार्बेनिसिलिन जास्त टिकतं. कॅनामायसिनच्या प्लाझ्मिडला हा त्रासच नाही.

रेटिनल: किती, कधी, कसं

ई. कोलायला रेटिनल बनवता येत नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, आणि या कामातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

ऑल-ट्रान्स रेटिनल हेच रूप हवं. रेणुभार २८४. इथेनॉलमध्ये १० मिलिमोलर द्रावण करायचं तर एका मिलिलिटरला २.८४ मिलिग्रॅम घ्या. मंद उजेडात तोला, छोट्या गडद नळ्यांमध्ये वाटून ठेवा, वरची हवा आर्गॉन किंवा नायट्रोजनने हाकलून द्या आणि उणे ८० अंशांवर साठवा. एक नळी एकदाच उघडायची. द्रावण ताजं आहे का हे तपासायला त्यातला थोडा भाग इथेनॉलमध्ये पातळ करून शोषण मोजा. शिखर ३८३ नॅनोमीटरच्या आसपास हवं आणि शोषणाचा मोलर गुणांक सुमारे ४३,००० धरून आलेली मात्रा तुम्ही तोललेल्या मात्रेशी जुळली पाहिजे. शिखर डावीकडे सरकलेलं असेल किंवा मात्रा बरीच कमी भरत असेल तर ती नळी टाकून द्या. बिघडलेल्या रेटिनलवर आठवडा घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

कल्चरमध्ये शेवटची मात्रा ५ ते १० मायक्रोमोलर ठेवतात. १० मिलिमोलर द्रावणाचा एक मिलिलिटर एका लिटरमध्ये घातला की १० मायक्रोमोलर होतं आणि इथेनॉल फक्त ०.१ टक्का राहतं, ते पेशींना सहज सोसतं. ही मात्रा पुरेल का? हिशेब करून पाहू. एका प्रथिनाला एक रेटिनल लागतं. ५ मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोमोल. सुमारे २७,००० रेणुभाराच्या प्रथिनाचे तेवढे मोल म्हणजे १३५ मिलिग्रॅम. एका लिटर कल्चरमधून हाती येणारं शुद्ध प्रथिन साधारणपणे काही मिलिग्रॅम असतं. म्हणजे रेटिनल कित्येक पटींनी जास्त आहे. पटलांत विरघळणारं आणि हवेने खराब होणारं रेटिनल वजा केलं तरी ते पुरून उरतं. रंग फिका आला म्हणून मात्रा ५० वर नेण्याने काही साधत नाही, पटलात पिवळा गाळ तेवढा वाढतो.

द्यायचं कधी? प्रोमोटर चालू करताना, त्याच वेळी. पोकळी तयार होतानाच रेटिनल हजर असेल तर ते घडीला आधार देतं. रिकाम्या प्रथिनाला पेशी लवकर मोडून टाकू शकते. फ्लास्कभोवती फॉइल गुंडाळा. मात्र इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोळ्यातल्या ऱ्होडोप्सिनसारखं हे सगळं काम लाल दिव्यात करावं लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तशी गरज नाही. डोळ्यातलं ऱ्होडोप्सिन प्रकाश पडल्यावर रेटिनल सोडून देतं आणि रंग गमावतं. सूक्ष्मजीवांचं ऱ्होडोप्सिन मात्र फेरा पूर्ण करून मिलिसेकंदांत मूळ जागी येतं. जपायचं आहे ते सुट्या रेटिनलला. प्रथिनात बसलेलं रेटिनल खोलीतल्या साध्या उजेडात सुरक्षित असतं.

विकत रेटिनल न घेता पेशीलाच ते बनवायला लावण्याचीही सोय आहे. सीआरटी-ई, बी, आय आणि वाय ही चार जनुकं मिळून बीटा-कॅरोटिनपर्यंत पोचवतात आणि बीएलएच हे पाचवं त्याचे बरोबर मधोमध दोन तुकडे करतं, म्हणजे एका कॅरोटिनमागे दोन रेटिनल. समुद्री जीवाणूंमध्ये ही जनुकं प्रोटिओऱ्होडोप्सिनच्या शेजारीच सापडतात. २००७ मध्ये हा सबंध गट ई. कोलायमध्ये घातल्यावर पेशी प्रकाशाच्या जोरावर एटीपी (पेशीत ऊर्जा साठवणारा रेणू) बनवू शकतात हे दाखवलं गेलं. पण या वाटेने जाताना रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. लायकोपिन लाल असतं, बीटा-कॅरोटिन नारिंगी. शेवटचं विकर मागे पडलं तर ऱ्होडोप्सिनचा थेंबही नसताना पेलेट सुंदर नारिंगी-लाल दिसतं.

वाढवणं

इथे फार गुंतागुंत नाही. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये अर्ध्या लिटरपेक्षा जास्त माध्यम भरू नका, हवा कमी पडते. ३७ अंशांवर, मिनिटाला १८० ते २०० फेऱ्यांवर, ६०० नॅनोमीटरवरचं शोषण (गढूळपणावरून पेशी किती वाढल्या याचं माप) ०.४ ते ०.८ होईपर्यंत वाढवा. मग तापमान उतरवा, आयपीटीजी (प्रोमोटर चालू करणारं रसायन) ०.१ ते १ मिलिमोलर आणि रेटिनल घाला. ३० अंशांवर चार-पाच तास किंवा २० अंशांवर रात्रभर, दोन्ही करून पाहावं. प्रोटिओऱ्होडोप्सिन ३७ अंशांनाही सोसतं, हट्टी प्रथिनांना थंडावा मानवतो. आयपीटीजी घातल्यानंतर तासाभराने शोषण वाढायचं थांबलं किंवा घटू लागलं, तर पेशी दबलेल्या आहेत. आयपीटीजी कमी करा किंवा वाण बदला. अशा वेळी जास्त तास ठेवून उत्पादन वाढत नाही, पेशी फुटतात आणि माध्यमाला चिकट फेस येतो.

पटल वेगळं करणं आणि विरघळवणं

पेशी ५,००० जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट जोराने) पंधरा मिनिटं फिरवून गोळा करा. ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ३०० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि थोडं डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) यांत मिसळा. पीएमएसएफ (प्रथिनं तोडणारी विकरं थांबवणारं रसायन) आयत्या वेळी घाला, पाण्यात ते फार टिकत नाही. पेशी फोडायला दाबाचं यंत्र सगळ्यात चांगलं, सुमारे १,००० बार दाबाने दोन-तीन फेऱ्या. सोनिकेटर असेल तर बर्फात, पाच सेकंद चालू आणि दहा सेकंद बंद. जास्त वेळ चालवलं तर उष्णता वाढते आणि पटलाचे इतके बारीक तुकडे होतात की पुढे ते खाली बसायला तयार होत नाहीत.

मग १०,००० जी वर वीस मिनिटं. आता नळी उजेडासमोर धरून नीट बघा, कारण जेल न चालवता बरंच काही इथे कळतं. वरचं द्रव लालसर आणि तळाचा गाळ फिका, म्हणजे ठीक. तळाचा गाळही तितकाच गुलाबी असेल तर पेशी पुरत्या फुटलेल्या नाहीत, पुन्हा एक फेरी द्या. आणि गाळात खडूसारखा पांढरा, घट्ट थर दिसला तर त्या इन्क्लूजन बॉडी असण्याची शक्यता मोठी: तुमचं प्रथिन बनलं, पण पटलात गेलं नाही.

वरचं द्रव १,००,००० जी वर तासभर फिरवलं की पटल काचेसारख्या, लालसर तपकिरी चकतीच्या रूपात तळाशी बसतं. ते ब्रशने सुटं करून काचेच्या होमोजनायझरमध्ये हलक्या हाताने एकजीव करा. गुठळ्या राहिल्या तर डिटर्जंट आतपर्यंत पोचत नाही.

पटल विरघळवायला डिटर्जंट म्हणून डीडीएम (डोडेसिल माल्टोसाइड), १ टक्का, ४ अंशांवर एक ते दोन तास, सावकाश फिरवत. इथे टक्केवारीपेक्षा गुणोत्तर महत्त्वाचं. १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. पटलातलं एकूण प्रथिन मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर दुप्पट डिटर्जंट झाला, चांगलं. पण पटलाचा दाट लगदा करून प्रथिन २० मिलिग्रॅमवर नेलं तर तोच १ टक्का निम्म्यावर येतो आणि बराच माल विरघळायचा राहतो. विरघळवून पुन्हा तासभर वेगाने फिरवा. रंग वर आला तर काम झालं. रंग तळाशीच बसून राहिला तर डिटर्जंट वाढवा किंवा वेळ द्या.

निकेल-एनटीए रेझिनवर द्रव ओतलं की रंगाचा पट्टा वरच्या भागात थांबतो आणि हळूहळू खाली सरकतो. रेझिन किती भरलं हे डोळ्यांनी दिसतं. धुण्यासाठी २० ते ५० मिलिमोलर इमिडाझोल (हिस्टिडीनची शेपटी रेझिनवरून सोडवणारं रसायन), उतरवण्यासाठी २५० ते ५००. यापुढे प्रत्येक बफरमध्ये डीडीएम ०.०५ टक्के ठेवा. डीडीएमची मिसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे बारीक गोळे) बनण्याची मर्यादा ०.००९ टक्क्याच्या जरा खाली आहे. त्याखाली गेलात तर प्रथिनाचं पांघरूण निघून जातं आणि ते गुठळ्या होऊन बसतं. रंगीत थेंब सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच गोळा करा, त्यामुळे प्रथिन विनाकारण पातळ होत नाही.

गाळणीने दाट करताना एक खाचखळगा आहे. डीडीएमच्या रिकाम्या मिसेलचं वजन ७०,००० च्या घरात जातं. ३०,००० रेणुभारापर्यंतचंच सोडणाऱ्या गाळणीतून त्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे प्रथिनाबरोबर डिटर्जंटही दाट होत जातो आणि पुढचं लिपोसोमचं (कृत्रिम पटलाच्या गोळ्यांचं) काम बिघडतं. प्रोटिओऱ्होडोप्सिन पाच-सहाच्या गटाने राहतं, म्हणून त्याला १,००,००० ची गाळणी चालते.

जेल चालवायचं असेल तर नमुना उकळू नका. पटलातली प्रथिनं उकळली की एकमेकांना चिकटतात आणि खाचेच्या तोंडाशीच अडकतात. जेलवर काहीच दिसत नाही आणि प्रथिन बनलंच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ३७ अंशांवर अर्धा तास पुरे. पट्टा अपेक्षित रेणुभारापेक्षा थोडा खाली दिसेल, तेही नेहमीचंच.

वर्णपटल वाचताना

शुद्ध केलेल्या प्रथिनाचं २५० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत शोषण मोजा. २८० वरचं शिखर सगळ्या प्रथिनांचं, ५२० च्या आसपासचं फक्त रेटिनल धरलेल्या ऱ्होडोप्सिनचं. पहिल्याला दुसऱ्याने भागून दीड ते दोनच्या आसपास उत्तर आलं तर नमुना चांगला. तीन-चारच्या वर गेलं तर एकतर दुसरी प्रथिनं आहेत किंवा रिकामी ऱ्होडोप्सिनं. मोजण्याआधी इमिडाझोल काढून टाका, कारण तेही २८० वर भर घालतं.

३८० वर उंचवटा असेल तर ते सुटं रेटिनल. ४१० ते ४२० वर टोकदार शिखर दिसलं तर ई. कोलायची स्वतःची सायटोक्रोम सोबत आली आहेत, धुताना इमिडाझोल थोडं वाढवा. प्रोटिओऱ्होडोप्सिनच्या बाबतीत पीएच नोंदवल्याशिवाय शिखराचा आकडा लिहू नका. प्रोटॉन स्वीकारणाऱ्या अ‍ॅस्पार्टेटचा पीके (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन बसलेला असतो) ७.५ च्या आसपास आहे, त्यामुळे पीएच ९ ला ५२० जवळ असणारं शिखर पीएच ५ ला ५४५ च्या पुढे जातं. सहकाऱ्याचा नमुना गुलाबी आणि तुमचा जांभळट, याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

किती प्रथिन मिळालं हे नेमकं सांगायचं तर हायड्रॉक्सिलअमीन वापरा. ते उजेडात रेटिनल आणि लायसिनमधला बंध तोडतं. रंग उडतो आणि ३६० जवळ रेटिनल ऑक्झाइमचं (रेटिनल आणि हायड्रॉक्सिलअमीन यांच्या संयुगाचं) शिखर उगवतं, त्याचा गुणांक सुमारे ३४,०००. समजा ३६० वर शोषण ०.३४ ने वाढलं आणि ५२० वर ०.४८ ने घटलं. म्हणजे रेटिनल १० मायक्रोमोलर होतं, आणि तुमच्या प्रथिनाचा गुणांक ४८,००० निघाला. पुढच्या प्रत्येक वेळी तोच आकडा कामी येतो. फुटलेल्या पेशींच्या गढूळ द्रवातही ही पद्धत चालते, कारण आधीचं आणि नंतरचं वजा केलं की गढूळपणा निघून जातो. हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी असतं, त्याचं द्रावण आधी पीएच ७ ला आणा. ते विषारी आहे, हातमोजे हवेत.

पंप चालतो का

यासाठी शुद्धीकरण लागत नाही, अख्ख्या पेशी पुरतात. त्या १०० मिलिमोलर मिठाच्या, बफर नसलेल्या पाण्यात तीन वेळा धुवा. बफरचा अंश राहिला तर प्रोटॉन तोच गिळतो आणि पीएच हलत नाही. ६०० नॅनोमीटरवरचं शोषण १० च्या आसपास येईल इतक्या दाट करा, पीएचचा इलेक्ट्रोड बुडवा, अंधारात रेषा स्थिर होऊ द्या आणि मग ५०० नॅनोमीटरच्या वरचा प्रकाश दोन-तीन मिनिटं टाका. प्रोटॉन बाहेर फेकणारं ऱ्होडोप्सिन असेल तर पीएच उतरतो, अंधार केला की परत चढतो. दिव्याची उष्णताही इलेक्ट्रोडला हलवते, म्हणून मधे उष्णता अडवणारी गाळणी ठेवा आणि रेटिनल न दिलेल्या पेशींवर हाच प्रयोग करा.

त्यानंतर सीसीसीपी, १० मायक्रोमोलर. हे रसायन पटलाला प्रोटॉनसाठी भोकं पाडल्यासारखं करतं. प्रोटॉन पंपाचा संकेत त्याने नाहीसा होतो. पण केआर२ सोडियम बाहेर फेकतं. त्यामुळे पेशीचा आतला भाग ऋण होतो, बाहेरचे प्रोटॉन आत ओढले जातात आणि पीएच चढतो, आणि सीसीसीपी घातल्यावर हा चढ आणखी वाढतो. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घेतलं, सोडियम पूर्ण काढलं, तर हेच केआर२ प्रोटॉन बाहेर टाकू लागतं आणि पीएच उतरतो. धुताना सोडियमचा अंश राहिला तर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि सपाट रेषा मिळते.

रंगच आला नाही तर

आधी पटल वेगळं करा आणि त्यात १० मायक्रोमोलर रेटिनल घालून खोलीच्या तापमानाला तासभर अंधारात ठेवा. रंग उगवला तर प्रथिन पटलात नीट बसलं होतं, रेटिनल कमी पडलं किंवा खराब होतं. रंग उगवला नाही, पण अँटिबॉडीने पट्टा दिसतो, तर घडी चुकली आहे. तापमान, वाण आणि आयपीटीजी यांच्याकडे वळा. पट्टाही नाही, तर जनुकाची सुरुवात आणि प्लाझ्मिड तपासा. उत्परिवर्तनाने लायसिनच बदललं असेल तर रंग येणार नाही हे उघड आहे. पण पोकळीतला प्रभार बदलणारं उत्परिवर्तन कधीकधी शिफ बेसवरचा प्रोटॉन काढून घेतं, आणि घडी उत्तम बसलेलं प्रथिन पिवळं दिसतं. तेव्हा पीएच ५ च्या बफरमध्ये थोडं घालून पाहा. प्रोटॉन परत बसला तर नळीत रंग फिरताना डोळ्यांसमोर दिसतो.